वरच्या जबड्याचे हाड झिजल्यावर: सायनस लिफ्ट की झायगोमॅटिक इम्प्लांट?

वर्षानुवर्षे कवळी वापरल्याने किंवा हिरड्यांच्या जुन्या आजाराने वरच्या जबड्याचे हाड झिजते, त्यावरची सायनसची, म्हणजे हवेची, पोकळीही खाली उतरते आणि दाढांच्या भागात साधे इम्प्लांट (कृत्रिम दाताला आधार देणारे धातूचे स्क्रू) रोवायला जागाच उरत नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या दवाखान्यांत अशा रुग्णापुढे सायनस लिफ्ट आणि झायगोमॅटिक इम्प्लांट हे दोन मार्ग ठेवले जातात, तेव्हा लवकर दात मिळण्याच्या आश्वासनाकडे मन नको तितके झुकते.

सायनस लिफ्टमध्ये पोकळीचे नाजूक अस्तर वर उचलून त्याखाली हाडाचा ग्राफ्ट, म्हणजे नवे हाड तयार होण्यासाठीची भर, घालतात. मूळ हाड चार-पाच मिलिमीटर असेल, तर बहुधा त्याच वेळी इम्प्लांट बसवता येतात. त्याहून कमी असल्यास आधी साधारण सहा ते नऊ महिने थांबावे लागते आणि पुढे इम्प्लांट हाडात रुजण्यासाठी आणखी काही महिने जातात. स्वीडनचे इम्प्लांट-संशोधक ब्रोनेमार्क यांनी विकसित केलेले झायगोमॅटिक इम्प्लांट मात्र सुमारे 30 ते 50 मिलिमीटर लांब असतात आणि थेट गालाच्या हाडात रोवले जातात. त्यांना सहसा ग्राफ्ट लागत नाही व पकड चांगली मिळाल्यास काही दिवसांतच तात्पुरते, पण कवळीसारखे काढ-घाल न करावे लागणारे दात बसतात.

तरीही वेळेपेक्षा, काही बिघडले तर पुढे काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ग्राफ्ट फसला तर जखम भरल्यावर बहुतेकदा पुन्हा प्रयत्न करता येतो; झायगोमॅटिक इम्प्लांट निकामी झाला तर तो काढणे आणि त्याला पर्याय शोधणे दोन्ही अवघड असते. त्याचा मार्ग सायनसला लागून आणि डोळ्याच्या खोबणीच्या जवळून जातो, त्यामुळे सायनसचा दाह हा त्यातला परिचित धोका आहे आणि ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या मॅक्सिलोफेशियल (जबडा व चेहऱ्याच्या) सर्जनखेरीज इतरांकडे जाऊ नये.

पुढच्या भागात पुरेसे हाड असेल, तर मागचे इम्प्लांट तिरके बसवून या दोन्ही शस्त्रक्रिया अनेकदा टाळता येतात, म्हणून ही शक्यता सर्वांत आधी विचारावी. पुढचेही हाड गेले असेल आणि ग्राफ्टसाठी थांबणे शक्य नसेल, तरच मी झायगोमॅटिककडे वळेन. तंबाखू किंवा मिश्रीची सवय, अनियंत्रित मधुमेह आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे डॉक्टरांना आधीच सांगावीत, कारण त्यांचा परिणाम दोन्ही पर्यायांवर होतो. सीबीसीटी स्कॅनची (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेची) प्रत स्वतःकडे ठेवावी. नेरूळ किंवा खारघरच्या दंत महाविद्यालयात दुसरे मत घेताना ती उपयोगी पडते.