ड्युरँगो ते सिल्व्हरटन: बार्शी लाईटच्या प्रवाशाने केलेला एक प्रवास

कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ड्युरँगो गावाहून सिल्व्हरटन या जुन्या खाणगावाला वाफेच्या इंजिनाची रेल्वे जाते. गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयतांनी मुलीसोबत तिच्यातून प्रवास केला. सोलापुरातून मुलांकडे अमेरिकेला जाणारे आता घरोघरी आहेत, पण त्यांच्या फिरण्याच्या यादीत नायगारा आणि लास व्हेगास यांच्यापुढे सहसा काही नसते. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत अगदी तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, शाळेच्या सुट्ट्या बार्शी लाईट या आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या डब्यांत गेल्या, त्यामुळे अरुंद रुळांवरची कोणतीही गाडी मला चार गुण अधिक मिळवणारच.

ड्युरँगो हे गाव रेल्वेनेच वसवले. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या कंपनीचे आधीपासून असलेल्या ॲनिमास सिटी या वस्तीशी अटींवरून जमले नाही, तेव्हा कंपनीने १८८० साली थोड्या अंतरावर स्वतःचे गाव आखले आणि पुढच्या वर्षी तेथे गाडी आणली. १८८२ च्या जुलैत रूळ सिल्व्हरटनला पोहोचले. हे सारे डोंगर त्याआधी यूट या तिथल्या मूळ रहिवाशांचे होते. १८७३ च्या कराराने ते त्यांच्याकडून गेले आणि मगच खाणवाल्यांची रीघ लागली. ज्या गाडीत आज कॅमेरे घेतलेले पर्यटक बसतात, ती मुळात चांदी-सोन्याचा दगड खाली आणण्यासाठी आणि पीठ-मीठ वर नेण्यासाठी होती.

रुळांमधील अंतर तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर. आपल्या बार्शी लाईटचे अडीच फूट होते. दोन्हीकडे रूळ अरुंद ठेवण्यामागे पैसा वाचवणे हाच हेतू होता, पण वाट निराळी. तिकडे कडा फोडून गाडी न्यायची होती. रूळ अरुंद असले की वळण अधिक आवळून घेता येते आणि खडक कमी फोडावा लागतो. इकडे सपाट माळ होता, तेव्हा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हलके रूळ घालून त्यांवर इंजिनाचे आणि डब्यांचे वजन प्रत्येक आसावर सारखे वाटले, आणि १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. डब्यातल्या सहप्रवाशांना मी हे सांगू लागलो तेव्हा मुलीने माझ्या बाहीला दोनदा ओढले, पण समोरच्या बाकावरचे वयस्कर गृहस्थ मन लावून ऐकत होते, त्यामुळे मी मिरजेपर्यंत पोहोचलोच.

प्रवास सुमारे ७२ किलोमीटरचा आहे आणि त्याला साडेतीन तास लागतात. हा वेग ऐकून कोणी नाक मुरडू नये. पहिला तासभर गाडी शेते, घोडे आणि घरांच्या परसांमधून जाते. येथे विशेष काही नाही. रॉकवूड गेले की मात्र रूळ ॲनिमास नदीच्या घळीत शिरतात आणि उभ्या कड्याला कोरलेल्या अरुंद पायरीवरून गाडी सरकू लागते. डाव्या हाताला खडक इतका जवळ की हात बाहेर काढू नये, आणि उजव्या हाताला खाली, फार खाली, हिरवट पाणी. म्हणून जाताना उजव्या बाजूची जागा मागून घ्यावी. माझ्या पत्नीने या टप्प्यात डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तिच्या मते हा भाग अर्ध्या मिनिटात संपला. पुढे गाडी पूल ओलांडून नदीच्या दुसऱ्या काठाला येते आणि पाणी अगदी शेजारून वाहू लागते. वाटेत इंजिन पाणी भरून घेते. पाठीवर मोठी ओझी घेतलेले गिर्यारोहक जेथे रस्ताच नाही अशा ठिकाणी उतरतात, आणि काही दिवसांनी तेथेच गाडीला हात करून परत चढतात. हे पाहून मला बार्शी लाईटच्या आडवाटेच्या थांब्यांची आठवण झाली.

आमचे इंजिन १९२५ साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात तयार झालेले होते. शंभर वर्षांचे यंत्र चढावर पूर्ण भार ओढते आहे, ही गोष्ट प्रदर्शनात ठेवलेले इंजिन पाहून कळत नाही. चाकांना जोडणारे दांडे फिरताना, वाफ सुटताना आणि वळणावर आपल्याच गाडीचे तोंड खिडकीतून दिसताना कळते. एका गोष्टीने मी आधी हिरमुसलो होतो. कोळशाचा वास नव्हता. चौकशी केल्यावर कारण समजले. २०१८ च्या जूनमध्ये येथे मोठा वणवा लागला आणि सुमारे ५४,००० एकर जंगल जळाले. तो इंजिनातून उडालेल्या ठिणग्यांनी लागला असा दावा अमेरिकेच्या केंद्र सरकारने लावला आणि २०२२ साली दोन कोटी डॉलर देण्याच्या तडजोडीवर तो मिटला. त्यानंतरच्या काळात इंजिने एकेक करून कोळशावरून तेलावर आणण्यात आली. दोन्ही बाजूंचे कोरडे जंगल पाहिल्यावर वासाची तक्रार करण्याचे मला धैर्य झाले नाही.

सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर आहे. सोलापूर जेमतेम १,५०० फुटांवर. तेव्हा गाडीतून उतरल्याबरोबर धावपळ करू नये, पाणी पीत राहावे आणि सावकाश चालावे. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ६२२ होती, आणि संपूर्ण सॅन वॉन काउंटीत नगरपालिका असलेले हे एकच गाव. शेवटची मोठी खाण १९९१ साली बंद झाली. गिरणी बंद पडल्यावर गावाचे काय होते हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. रंगवलेल्या लाकडी दुकानांच्या मागची, डांबर नसलेली ब्लेअर स्ट्रीट पाहिली की ते तेथेही जाणवते. खाणी बंद झाल्या तरी त्यांचे पाणी थांबले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग या सोडून दिलेल्या खाणीची सफाई सुरू असताना आतले साठलेले पाणी फुटले, सुमारे तीस लाख गॅलन दूषित पाणी ओढ्यातून ॲनिमासमध्ये आले आणि ड्युरँगोपर्यंत नदी हळदीसारखी पिवळी झाली. गाडीतून दिसणारे ते सुंदर पाणी हेच, एवढे ध्यानात ठेवून त्याकडे पाहावे.

या सहलीतली खरी उणीव म्हणजे गाडी सिल्व्हरटनला साधारण दोनच तास थांबते. त्यातली पाऊण तास आम्ही एका खानावळीत वाट पाहण्यात घालवली. शाकाहारी म्हणून मागवलेल्या पदार्थात शेवटी मांसाचे तुकडे निघाले, आणि दुसरे ताट येईपर्यंत परतीची शिट्टी झाली. दोष त्या खानावळीचा, पण गाडीभर माणसे एकाच वेळी लहानशा गावात उतरल्यावर याहून वेगळे फारसे होणार नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती म्हणून निभावले. माझा स्पष्ट सल्ला असा की जाणे-येणे दोन्ही गाडीने करू नये. एका बाजूने रेल्वेच्याच बसची सोय मिळते. ती घेतली की दिवस आटोपशीर होतो, आणि वयस्कर मंडळींची कंबरही शाबूत राहते. त्याहून चांगले म्हणजे रात्री सिल्व्हरटनलाच राहावे. स्वतःची मोटार असल्यास पुढे ऊरे या गावाला जाणारा डोंगरी रस्ताही पाहता येतो, मात्र त्याच्या कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, हे चालवणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

ड्युरँगोला आणखी एक दिवस ठेवता आला तर पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर मेसा व्हर्डे आहे. कड्याच्या कपारीत बांधलेली, तेराव्या शतकाच्या अखेरीस रिकामी झालेली, पुएब्लो या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची घरे तेथे आहेत. क्लिफ पॅलेस या एकाच वस्तीत सुमारे १५० खोल्या. अजिंठा पाहिलेल्या माणसाने कोरलेले आणि बांधलेले यांतला फरक येथे निवांत न्याहाळावा. त्याबद्दल स्वतंत्र लिहिता येईल.

तिकीट स्वस्त नाही आणि ऐन हंगामात आधी काढावे लागते. महागड्या वर्गाच्या डब्यांवर पैसे घालण्याचे मला कारण दिसले नाही. बाजूंनी उघडा असलेला डबा घ्यावा, कारण इंजिनाचा आवाज आणि घळीतला वारा तेथेच मिळतो. मात्र सप्टेंबरच्या सकाळी त्या डब्यात हाडे गोठतात. मुलीला भेट म्हणून नेलेली सोलापुरी चादर आम्ही तिघांनी गुडघ्यांवर पसरून घेतली होती, आणि रॉकवूडच्या पुढे तिचे एक टोक शेजारच्या बाईंनीही न विचारता ओढून घेतले.