कारखान्यासाठी विंड की सोलर? रेटच्या आधी तासांचा हिशोब बघा

बिल बघून डोकं फिरलं की दोन कोटेशनं मागवायची, शेजारी ठेवायची आणि ज्याचा युनिटचा रेट कमी ते घ्यायचं, बहुतेक ठिकाणी असंच चालतं. पण मशीनला वर्षाची बेरीज कळत नाही हो, तिला आत्ता, या तासाला वीज लागते.

समजा लोड 1 मेगावॅट आणि तिन्ही शिफ्ट चालू, म्हणजे वर्षाला 87.6 लाख युनिट. चांगल्या वाऱ्याच्या जागी 35 टक्के कपॅसिटी फॅक्टर (वर्षभर पूर्ण ताकदीने चालली असती तर जेवढी वीज बनली असती, त्यातला खरोखर बनणारा वाटा) धरला तर 3 मेगावॅटची पवनचक्की साधारण 92 लाख युनिट देते, म्हणजे कागदावर गरजेपेक्षा जास्तच! प्रत्यक्षात काय, तर वारा सुटला की 3 मेगावॅट येणार, तुम्ही वापरणार 1, उरलेली ग्रीडवर सोडणार, आणि वारा पडला की परत ग्रीडच्याच दारात. ती जास्तीची वीज ग्रीड काय भावाने घेतं आणि परत देताना काय कापून घेतं, सगळा खेळ तिथेच आहे.

तेवढ्याच युनिटसाठी सोलर, 20 टक्के धरलं तर, सव्वापाच मेगावॅटच्या आसपास लागेल आणि ते सगळं दिवसा येणार. एकाच दिवसपाळीचा कारखाना असेल तर मी फार विचार न करता छपरावर सोलर टाकेन, गिअरबॉक्सची भानगड नाही, क्रेन नाही. रात्रपाळी असेल तिथे मात्र वारा कामाचा, कारण रात्री आणि ढगाळ दिवसात तोच येऊ शकतो.

बरं, कंपाउंडमध्येच छोटी पवनचक्की उभी करू, असं वाटत असेल तर सोडून द्या. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, सेकंदाला 6 मीटरऐवजी 8 मीटर वारा मिळाला की ताकद जवळपास 2.4 पट, आणि शेडच्या आजूबाजूला वारा तुटक, घुसळलेला असतो. म्हणून चक्की लांब चांगल्या जागी आणि तुमचा फक्त वीज घ्यायचा करार, हेच बरं पडतं.

करारातसुद्धा दोन प्रकार. जेवढी बनेल तेवढी घ्या, यात वाऱ्याची रिस्क तुमची. ठरलेली वीज सतत मिळेल असा बेसलोड करार ऐकायला भारी वाटतो, पण उत्तर स्वीडनमधल्या मार्कबिग्डेनचं उदाहरण बघा. ॲल्युमिनियम बनवणाऱ्या नॉर्स्क हायड्रोने 2017 मध्ये तिथल्या विंड पार्कशी असा 19 वर्षांचा करार केला, वारा कमी पडला की पार्कला बाजारातून महाग वीज घेऊन भरपाई करावी लागायची, आणि 2023 मध्ये पार्क कंपनी पुनर्रचनेसाठी कोर्टात गेली. म्हणजे रिस्क समोरच्यावर ढकलली तरी तो टिकेल का, हे बघावंच लागतं.

बॅटरी काही तास सांभाळते, आठवडाभर वारा पडला तर नाही. त्यामुळे कोल्ड स्टोरेज, पंप, ग्राइंडिंग असा मागेपुढे सरकवता येणारा लोड असेल तर विंडचा वाटा बिनधास्त वाढवा. ॲल्युमिनियमच्या पॉटसारखं (विजेवर ॲल्युमिनियम बनवायची टाकी) काही असेल, जिथे काही तास वीज गेली तर आतला वितळलेला धातू गोठतो, तिथे विंड जरूर घ्या पण ग्रीडचा मंजूर लोड कमी करू नका. आणि कोटेशनवर सही करण्याआधी मीटरचा 12 महिन्यांचा तासातासाचा डेटा काढा, विंडवाल्याकडून त्याच्या जागेचा तसाच डेटा मागा. सरासरी देतो म्हणाला तर दुसरा विंडवाला बघा.