‘सांगत्ये ऐका’: कमाई तिची, किल्ल्या दुसऱ्याकडे

गरिबीतून वर आलेल्या नटीची कहाणी म्हणून हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र अनेकजण सुचवतात. गरिबी आहे त्यात, नटी आहे, वर येणंही आहे. पण नेमकं वर कोण आलं? माहेरची चूल पेटती राहिली, लग्नानंतर नवऱ्याचा संसार चालला. जिच्या जिवावर हे सगळं चाललं तिच्या हातात मात्र स्वतःच्या पैशाची किल्ली आली नाही. मला विचाराल तर हे पुस्तक सिनेमाबद्दल कमी आणि पैशाबद्दल जास्त आहे.

असं वाटायला कारण आहे. माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या काउंटरमागे गेली. पोळीभाजीचे डबे करणार बाई, पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, भरणार बाई, स्लिपवर सही बाईची, आणि पासबुक नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. एखादी एकटी यायची, आवाज खाली करून विचारायची, “मॅडम, शिल्लक किती झाली हो?” रक्कम सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला: “मी विचारून गेले हे त्यांना कळणार नाही ना?” त्यामुळे हंसाबाईंचं पुस्तक मी आपल्या एखाद्या खातेदाराचं वाचावं तसं वाचलं. प्रेमप्रकरणांच्या पानांवर लोक थबकतात, मी कॉन्ट्रॅक्टचा उल्लेख आला की थबकत होते.

मूळ नाव रतन साळगावकर. जन्म 1923चा. वडील दारूच्या आहारी गेलेले, घरात पैसा नाही, आणि मुलीला गाणं-नाचणं येतंय, तेव्हा तिला सिनेमात घालायचं ठरलं. 1936 साली ‘विजयाची लग्ने’मध्ये ती पडद्यावर आली तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. सिनेमात काम म्हणजे घराण्याला बट्टा, म्हणून आडनाव बदललं. साळगावकर हे नाव पाटीवर नको, पगार मात्र चालेल! हा सौदा घरातल्या कुणालाच विचित्र वाटला नाही आणि हंसाबाईही तो फारशी चीड न दाखवता सांगतात. चीड मला आली. तेरा वर्षांच्या पोरीने मिळवून आणायचं आणि मोठ्यांनी इज्जत सांभाळायची, ही वाटणी कुणी केली?

तिला स्वतःला काय हवं होतं हे ती पुन्हा पुन्हा सांगते: लग्न, घर, मुलंबाळं, चारचौघींसारखा संसार. लग्न झालं तेही लहान वयात, घराशी आधीपासून घसट असलेल्या, वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी. लग्नानंतर काम सोडायचं तिच्या मनात होतं. ते होणार नव्हतं, कारण आता नव्या घरालाही तिच्याच कमाईची सवय लागली. करार नवरा बघणार, पैसे नवरा घेणार, आणि ही शूटिंगवर कुणाशी बोलली, किती हसली, यावर संशयही तोच घेणार. पैसे घ्यायला सिनेमावाली चालायची, घरात मात्र सोवळी बाई हवी. दारू, भांडणं, घर सोडून जाणं आणि परत येणं हे सगळं यातूनच वाढत गेलं, असं मला वाचताना वाटलं. बाई स्वतःच्या दारूबद्दलही काही लपवत नाही. वाचकाची कीव मागत नाही आणि माफीही मागत नाही.

पडद्यावर याच काळात काय चाललं होतं तेही आठवून बघण्यासारखं आहे. 1939 साली बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’. मग 1941 साली प्रभातचा ‘संत सखू’, त्यात नायिका हीच. सखूची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सासरच्या जाचातून सुटून ती पंढरीला जाते आणि तिच्या जागी विठोबा तिचंच रूप घेऊन दळण-कांडण करत राहतो. अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी ती भूमिका केली आणि लोकांनी त्यांना भक्तिभावाने पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या घरी त्यांच्या जागी दळायला कुणी आलं नाही. आला असता तर विठोबालाही बहुतेक पुढच्या सिनेमाच्या करारावर सही करायला लावली असती.

पुस्तकातला सगळ्यात अंगावर येणारा भाग मराठवाड्यातला. एका पुरुषाबरोबर त्या तिकडे गेल्या आणि त्याच्या घरात अडकल्या. घरात आधीच्या बायका, जमीनजुमला, आणि बाहेर पडायची बंदी. जिच्यासाठी शहरात लोक तिकिटं काढत होते ती बाई एका वाड्यात घरकाम करते आहे आणि ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. शेवटी सुटकेसाठी पत्र लिहायचं ते कुणाला, तर ज्याच्या घरातून निघून आलो त्याच नवऱ्याला. दुसरं कुणी नव्हतंच. आणि या सुटकेच्या वाटेवरही कायद्याच्याच माणसाकडून झालेला अत्याचार त्या सांगतात, तोही मोजक्या शब्दांत, आवाज न चढवता. मी तिथे पुस्तक मिटून उठले आणि उगाच ओटा पुसत बसले.

हा प्रसंग वाचल्यावर या बाईच्या धाडसाचं माप कळतं. हे पुस्तक 1970 साली राजहंस प्रकाशनाने काढलं, त्याआधी ते ‘माणूस’ या नियतकालिकात येत होतं. दुर्गा खोटे, लीला चिटणीस या नट्यांची आत्मचरित्रं नंतरची आहेत. दुर्गाबाई तर सधन, शिकलेल्या घरातून आलेल्या, आणि त्यांच्या लेखनात तो तोल जाणवतो. हंसाबाईंना तोल परवडणारा नव्हता, बहुधा म्हणूनच त्यांना तो सांभाळत बसायचं कारण उरलं नाही. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, 1971 साली, त्या गेल्या.

शब्दांकन अरुण साधूंचं. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे तेच साधू. त्यांनी इथे स्वतःला जवळजवळ दिसूच दिलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. एवढा मालमसाला समोर असताना एखाद्याने उपमा-उत्प्रेक्षांचा सडा घातला असता. इथे बाई बोलते तशीच वाक्यं आहेत. तुटक, मधेच मागे जाणारी, एखादी मोठी गोष्ट भाजीचा भाव सांगावा तशी सांगून पुढे निघणारी.

याच गुणाचा त्रासही होतो. सालं जवळपास नाहीत. एखादा सिनेमा आधीचा की नंतरचा, मूल झालं तेव्हा ती कुठल्या कंपनीत होती, हे जुळवताना मी पार गोंधळले आणि शेवटी कागद घेऊन बसले. अभिनयाबद्दल तर बाई कंजुषीच करतात. ‘लोकशाहीर रामजोशी’ हा 1947चा सिनेमा, त्यात जयराम शिलेदारांसमोर त्या बया ही नायिका उभी करतात. ‘पुढचं पाऊल’ 1950चा, राजा परांजपे दिग्दर्शक आणि समोर पु. ल. देशपांडे! या कामांची तयारी कशी केली, लावणीची अदा कुठून उचलली, सेटवर कोण कसं वागलं, हे वाचायला मी अधाशासारखी वाट बघत होते. फार थोडं मिळालं. तमाशापटांच्या त्या लाटेत त्यांचं स्थान काय होतं हे नव्या वाचकाला या पुस्तकातून कळणार नाही. पुस्तकाचं नाव ज्या सिनेमावरून आलं तो अनंत माने यांचा 1959चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात 131 आठवडे चालला. त्यातली ‘बुगडी माझी सांडली गं’ आजही गणपतीत वाजते, पण ती आठवताना डोळ्यांसमोर येते जयश्री गडकर. हंसाबाई तोवर आईच्या भूमिकेत गेल्या होत्या. वय छत्तीस.

आणखी एक तक्रार. आकडे नाहीत. कुठल्या सिनेमाचे किती मिळाले, त्यातले कुणी किती उचलले, शेवटी हाती काय राहिलं, याचा मांडलेला हिशेब मला हवा होता. माझ्यासारख्या कारकुनाला तो हवा असणारच. पण मग वाटलं, तिला तरी कुठून कळणार? पासबुक कधी तिच्याकडे होतं?

आकाराने पुस्तक लहान आहे, भाषा सोपी, एका बैठकीत वाचून होतं. बारावी-तेरावीतल्या मुलींना खुशाल द्या, त्यांच्या आयांनी आधी वाचलं तर बरं. ज्यांना फिल्मी किस्से हवेत त्यांनी दुसरं काही घ्यावं. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (1977) याच पुस्तकावरून झाला हे बहुतेकांना माहीत असतं. स्मिता पाटील त्यात विलक्षण आहे, अमोल पालेकरांचा नवरा बघून मला आमच्या काउंटरवरचे दोन-तीन चेहरे आठवले. तरी तो सिनेमा नंतर बघा. आधी ‘रामजोशी’ मिळवून बघा, म्हणजे वाचताना डोळ्यांसमोर स्मिता येणार नाही, हंसाबाईच येतील.