ऑनलाइन ग्रुपमध्ये जुनी इंग्रजी नाटकं वाचतेय, नऊ महिन्यांचा अनुभव

नऊ महिने झाले, दर रविवारी रात्री दोन तास आम्ही अकरा जण व्हिडिओ कॉलवर जुनी इंग्रजी नाटकं मोठ्याने वाचतोय. आत्तापर्यंत मॅकबेथ, मच अडू अबाउट नथिंग, द स्कूल फॉर स्कँडल, द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट, हॅम्लेट आणि ऑथेल्लो अशी सहा पूर्ण झाली आणि एक अर्ध्यात सुटलं, त्याबद्दल सांगते पुढे. बरेच जण विचारतात की हे खरंच जमतं का, इंग्रजी फार भारी लागतं का, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

मी मॅकबेथ आधी दोनदा एकटीने वाचायला घेतलं होतं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या अंकाच्या पुढे गेलेच नाही. एक ओळ वाचायची, खाली टीप बघायची, परत वर यायचं, तोवर कोण कोणाशी बोलत होतं तेच डोक्यातून गेलेलं असायचं. ग्रुपमध्ये टीप बघायला वेळच मिळत नाही कारण पुढचं वाक्य आपलं असतं. पहिल्या दिवशी मला निम्मे शब्द कळले नव्हते, तरी प्रवेशात काय चाललंय ते सगळं कळलं, आणि हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

मॅकबेथमधलीच एक जागा सांगते. राजा डंकनचा खून करून मॅकबेथ खाली येतो आणि अंधारात नवरा-बायको बोलतात. ती विचारते 'डिड नॉट यू स्पीक?', तो 'व्हेन?', ती 'नाऊ', तो 'ॲज आय डिसेंडेड?'. पुस्तकात या चार तुकड्यांच्या पायऱ्या पायऱ्या छापलेल्या दिसतात, पण मिळून ती पद्याची एकच ओळ आहे, दोघांत वाटलेली. आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलवर आवाज उशिरा पोचत होता, म्हणून प्रत्येक जण आधीचा नीट थांबेपर्यंत थांबला आणि सगळं अगदी थंड झालं. मग ग्रुप चालवणारी ताई म्हणाली की वाट बघू नका, एकमेकांच्या अंगावर या, शब्द आदळले तर आदळू देत. तोच तुकडा चार वेळा वाचला. चौथ्या वेळी वाचणाऱ्या दोघांचेही आवाज आपोआप खाली गेले आणि बाकी आम्ही नऊ जण श्वास रोखून ऐकत होतो. पुढे दारावर थापा पडतात ना, त्या एकाने टेबलावर बोटांनी वाजवल्या, तर मी खरंच दचकले.

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की या सगळ्यात वाचण्यापेक्षा ऐकण्याचं काम जास्त आहे. ज्याला हे जमतं त्याचं इंग्रजी यथातथा असलं तरी तो उत्तम वाचतो. उलट आमच्यात एक जण होते, उच्चार एकदम सफाईदार, पण स्वतःचं वाक्य झालं की मोबाइल बघायचे आणि त्यांचा पुढचा संवाद प्रत्येक वेळी कोरडा यायचा. ते दोन महिन्यांत सोडूनही गेले.

मराठी माणसाला एक फायदा आहे, तो सांगायलाच हवा. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'दाऊ' आणि 'यू' असा फरक आहे, साधारण आपल्या तू आणि तुम्हीसारखा, आणि आजच्या इंग्रजीतून तो निघून गेलाय. मच अडूमध्ये बेनेडिक आणि बिॲट्रिस सतत भांडत असतात, आणि चौथ्या अंकात प्रेमाची कबुली देताना तो 'यू'वरून एकदम 'दाऊ'वर येतो, ती मात्र 'यू'च म्हणत राहते. आमच्यातल्या एका काकूंनी वाचता वाचता थांबून 'अगंबाई, हा तुम्हीवरून तूवर आला की!' असं म्हटलं, कोणतीही टीप न वाचता. आणि पुढे तो म्हणतो तुझ्यासाठी काहीही करायला सांग, तर ती फक्त दोन शब्द बोलते, 'किल क्लॉडिओ', म्हणजे त्याच्याच मित्राला मारून टाक. ते ऐकून कोणीच पुढचं वाक्य वाचेना, बेनेडिकचा पार्ट माझ्याकडे होता आणि मला आवाजच फुटेना.

विनोदी नाटकांत मात्र सुरुवातीला आम्ही आपटलो. शिस्त म्हणून सगळे म्यूटवर, मग हसू कोणालाच ऐकू येईना आणि वाचणाऱ्याला वाटायचं की आपलं काहीतरी चुकतंय. अर्नेस्टपासून नियम केला की कॉमेडीला सगळ्यांचे माइक चालू, कुत्रं भुंकलं तरी चालेल. त्या एका नियमाने नाटकच बदललं. नवीन ग्रुप सुरू करणार असाल तर अर्नेस्टपासूनच करा. 1895 चं नाटक आहे, गद्य आहे, वाक्यं सरळ आहेत आणि पहिल्याच दिवशी आत्मविश्वास येतो.

स्कूल फॉर स्कँडल (1777 चं, शेरिडनचं) मधला पडद्याचा प्रवेश कॉलवर कसा करणार हा मोठाच प्रश्न होता, कारण लेडी टीझल ही लग्न झालेली बाई परपुरुषाच्या घरी पडद्यामागे लपते, मग तिचा नवरा येतो, तो दुसऱ्या खोलीत लपतो आणि कोण कुठे आहे हे बघण्यावरच सगळी गंमत. आम्ही काय केलं, जो लपला त्याने कॅमेरा बंद करायचा. त्या घरमालकाचा भाऊ चार्ल्स पडदा पाडतो त्या क्षणी लेडी टीझलने कॅमेरा चालू केला, मान खाली घालून बसलेली, एक शब्द नाही. एवढं हसून झाल्यावर सगळे अचानक गप्प झालो. तो प्रवेश नुसता विनोदी नाहीये हे मला तेव्हा कळलं.

सगळ्यात चांगला प्रयोग ऑथेल्लोच्या वेळी केला. शेक्सपिअरच्या काळी नटाला पूर्ण नाटक मिळायचंच नाही, फक्त स्वतःची वाक्यं आणि प्रत्येकाच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे नाटकवाले ज्याला नक्कल म्हणतात तेच. कागदाची गुंडाळी असायची, रोल हा शब्दही त्यावरूनच आला. एडवर्ड ॲलन या नटाची अशी एक नक्कल लंडनच्या डलिच कॉलेजात अजून जपून ठेवलेली आहे. आम्ही शेवटचा अंक तसा वाचायचा ठरवलं आणि एमिलियाचा पार्ट चिठ्ठी काढून अशा मुलीकडे गेला जी तोवर फक्त नोकर आणि निरोप्येच वाचायची, आणि तिला शेवट माहीतच नव्हता. बायको बेइमान आहे असं समजून तिचा खून केल्यावर ऑथेल्लो तिच्या दासीला, म्हणजे एमिलियाला, सांगतो की हे सगळं तुझ्या नवऱ्यानेच मला सांगितलं. त्यावर एमिलिया थोड्या थोड्या अंतराने तीनदा 'माय हजबंड?' म्हणते. कागदावर ते उगाच तेच तेच वाटतं. तिने पहिल्यांदा नीट ऐकू न आल्यासारखं म्हटलं, दुसऱ्यांदा चढ्या आवाजात, आणि तिसऱ्यांदा अगदी हळू, कारण तोवर तिला स्वतःलाच कळलं होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. समोरून काय येणार हे माहीत नसल्यामुळे ती कान देऊन ऐकत होती, बस. आता ती मोठे पार्ट मागून घेते.

तक्रारी पण सांगते. हॅम्लेट खूप लांब आहे, चार हजार ओळींच्या आसपास, मॅकबेथच्या जवळजवळ दुप्पट, आम्हाला सात रविवार लागले आणि मधल्या दोन रविवारी पाच-सहाच जण होते. शिवाय प्रत्येकाची प्रत वेगळी. चौथ्या अंकातलं 'हाउ ऑल ऑकेजन्स' हे स्वगत एकाच्या पुस्तकात नव्हतंच, आम्हाला वाटलं पान गळालंय, मग कळलं की 1623 च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा एकत्रित ग्रंथ) ते छापलेलंच नाही, आधीच्या क्वार्टोत (एकाच नाटकाची सुटी छोटी प्रत) आहे आणि त्यांची प्रत फोलिओवरून केलेली होती. आता सगळे फोल्जर लायब्ररीची मोफत ऑनलाइन प्रतच उघडतो, ओळींचे नंबर सगळ्यांचे सारखे, वाद नाही. मुख्य पार्टवरून रुसवे-फुगवे झाले तेव्हा दर अंकाला हॅम्लेट बदलायचा ठरवलं, ते मला फार आवडलं, पाच जणांचा पाच तऱ्हेचा हॅम्लेट ऐकला.

आणि अर्ध्यात सुटलेलं नाटक म्हणजे 1700 चं काँग्रीव्हचं द वे ऑफ द वर्ल्ड. नुसतं ऐकून त्यातली नाती लक्षातच राहत नाहीत, कोण कोणाचा भाचा आणि कोणाचं आधी कोणावर प्रेम होतं यातच दोन रविवार गेले. चौथ्या अंकात मिलामंट आणि मिराबेल लग्नाच्या अटी घालतात तो प्रवेश तेवढा वेगळा काढून वाचला, तो अप्रतिम आहे. पूर्ण नाटकाला मात्र आधी पात्रांचा तक्ता करून घेतल्याशिवाय हात लावू नका.

पुढच्या महिन्यात वेबस्टरचं द डचेस ऑफ माल्फी सुरू करतोय. त्यात पाचव्या अंकात अँटोनिओ पडक्या मठाजवळ बोलत असतो आणि त्याच्या बायकोच्या, म्हणजे डचेसच्या, थडग्याच्या बाजूने त्याच्याच वाक्यांची शेपटं प्रतिध्वनी होऊन परत येतात. ती मेलीये हे त्याला माहीत नसतं. तो प्रतिध्वनीचा पार्ट मी मागून घेतलाय. स्वतःचं असं वाक्यच नाही, समोरचा जिथे थांबेल तिथून दोन-चार शब्द उचलायचे. अँटोनिओ वाचणाऱ्या काकांना सांगून ठेवलंय की शेवटचं 'नेव्हर सी हर मोअर' अजिबात घाई न करता म्हणा.