वाशीतला दहा मिनिटांचा डेमो

कोपरीतल्या चौघांनी वर्गणी काढून लघुपटासाठी जुना कॅमकॉर्डर घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं सोनी एचएक्सआर-एनएक्स२००, ४के, एकाच मालकाने वापरलेला. वाशी स्टेशनबाहेर कॉफीच्या दुकानात भेट ठरली. दहा मिनिटं कॅमेरा चालवून पाहिला, रोख पैसे दिले आणि ट्रान्सहार्बर लोकलने बॅग ठाण्याला आली. बॅगेत होता एनएक्स१००. बाजूचं मॉडेलचं नाव खरवडून त्यावर नवं स्टिकर चिकटवलेलं.

ही दोन्ही मॉडेलं बाहेरून जवळजवळ सारखी आहेत: १ इंची सेन्सर, १२ पट झूम, भिंगावर तीन रिंगा, दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइक जोडायच्या जागा), दोन एसडी स्लॉट. फरक आत आहे. २०१५ साली आलेला एनएक्स१०० फुल एचडीपर्यंतच रेकॉर्ड करतो, १९२० बाय १०८०, एक्सएव्हीसी एस या सोनीच्या फॉरमॅटमध्ये ५० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला तेवढे मेगाबिट). एनएक्स२०० हा ३८४० बाय २१६० देतो, १०० एमबीपीएसपर्यंत. विकणाऱ्याने लॅपटॉपवर ४के क्लिप दाखवली, 'ह्याच कॅमेऱ्याची आहे' म्हणाला, आणि मेनू कुणी उघडलाच नाही.

एक स्पष्ट सांगायला हवं. एनएक्स१०० वाईट कॅमेरा नाही. कमी बजेटच्या कथापटाला किंवा माहितीपटाला चांगली एचडी पुरते. नीट एक्स्पोज केलेली एचडी पडद्यावर मार खात नाही, मार खातो तो आवाज आणि फोकस. पण एनएक्स२००चे पैसे मोजून एनएक्स१०० घेणं म्हणजे शुद्ध लूट. त्यातून हा पीस लग्नांत घासलेला होता.

स्टिकर खोटं बोलतं, क्लिप सहसा बोलत नाही. रेकॉर्डिंग फॉरमॅट एक्सएव्हीसी एसवर ठेवून आपल्या कार्डावर वीस सेकंदांची क्लिप घ्या. कार्डातल्या प्रायव्हेट फोल्डरमध्ये एम४रूट, त्यात क्लिप नावाचं फोल्डर असतं. तिथे प्रत्येक व्हिडिओशेजारी एक छोटी एक्सएमएल फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडा. 'डिव्हाइस'च्या ओळीत कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो. मॉडेल इथेच कळतं. काही सोनी बॉडी अनुक्रमांकाच्या जागी ४२९४९६७२९५ हा भरतीचा आकडा टाकतात, त्याला घाबरू नका. पण खरा आकडा असेल तर तो बॉडीखालच्या पट्टीशी आणि मूळ बिलाशी जुळलाच पाहिजे. भाड्याने नेऊन परत न केलेले कॅमेरेही असेच फिरतात, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तशी शंका घ्यायला जागा असून तो घेणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा होऊ शकतो.

आता त्या दहा मिनिटांकडे बघा. विकणाऱ्याने तेवढ्यात जे जे निवडलं, त्या प्रत्येकाआड एक खोट होती.

'दादा, बॅटऱ्या गाडीत राहिल्या, चार्जरवरच दाखवतो.' बॅटऱ्या सोबत दिल्या, पण नंतर. त्यावर एनपी-एफ९७० छापलेलं होतं. अस्सल ९७० मध्ये ६ सेल असतात, ७.२ व्होल्ट, क्षमता ६६०० एमएएचच्या आसपास आणि वजन सुमारे ३०० ग्रॅम. नकलीत सेल कमी असतात किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले असतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे फार कामाला येतो. अस्सल बॅटरीवर कॅमेरा उरलेला वेळ मिनिटांत दाखवतो आणि तो आकडा सावकाश उतरतो. नकलीवर तो एकदम ९० वरून २० वर येतो आणि टेक चालू असताना कॅमेरा बंद पडतो.

दुसरं, तो खिडकीजवळ बसला. भर उजेडात गेन, म्हणजे चित्र उजळवायची इलेक्ट्रॉनिक वाढ, लागत नाही, त्यामुळे सेन्सरवरचे जळके पिक्सेल दिसत नाहीत. भिंगाला झाकण लावा, गेन १८ डीबीवर न्या, शटर १/२५, एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा आणि कॅमेरा तापेपर्यंत अर्धा तास चालू ठेवा. काळ्या पडद्यावर जागचे न हलणारे पांढरे, लाल, निळे ठिपके मोजा. एकदोन ठिपके एडिटिंगमध्ये झाकता येतात. ओंजळभर असतील तर रात्रीचे प्रसंग विसरा.

तिसरं, त्याने झूम पूर्ण बाहेर ठेवला होता. वाइड, त्यात उजेड, म्हणजे आयरिस (भिंगातलं उजेडाचं छिद्र) बारीक आणि सगळं शार्प. भिंग आतून सरकलं असेल तर ते असं कळत नाही. चार-पाच मीटरवर वर्तमानपत्राचं पान लावा, एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) टाकून आयरिस पूर्ण उघडा, फोकस मॅन्युअल. झूम पूर्ण आत नेऊन अक्षरं शार्प करा, मग फोकसला हात न लावता झूम बाहेर आणा. टीव्हीवर अक्षरं धूसर झाली तर भिंग सर्व्हिसला जाणार, आणि तो खर्च मोठा असतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे दिसत नाही. मात्र झूम आत नेल्यावर चित्र थोडं काळवंडलं तर तो बिघाड समजू नका. हे भिंग वाइडला एफ २.८ आणि टेलीला, म्हणजे झूम पूर्ण आत असताना, एफ ४.५ आहे, ती त्याची जात आहे.

झूमचा रॉकरही (झूमचं झुलतं बटण) अगदी हळू दाबून बघा. लग्नाच्या कॅमेऱ्यात तोच आधी जातो. हळू सरकताना झटका बसला तर आतला भाग झिजला आहे. मेनूतला अवर मीटर बघाच, पण हँडग्रिपचं रबर गुळगुळीत झालेलं आणि एक्सएलआरचा खटका ढिला असेल तर विश्वास रबरावर ठेवा.

आवाजाचं तर त्याने साधा हातातला डायनॅमिक माइक चॅनल एकला लावून 'हॅलो, हॅलो' केलं. त्या माइकला फँटम, म्हणजे कॅमेऱ्याने माइकला पुरवायचे ४८ व्होल्ट, लागतच नाहीत. पुढे शॉटगन लावला तेव्हा चॅनल दोन मुका निघाला. फँटम लागणारा माइक आपला न्या, दोन्ही चॅनलवर लावा, केबल हलवून हेडफोनमध्ये खरखर ऐका.

सगळ्यात जास्त रडवलं ते फुकट मिळालेल्या कार्डांनी. ६४ जीबी छापलेली दोन कार्डं 'माझ्याकडून' म्हणून दिली होती. येऊरला पहाटे सतरा शॉट झाले. घरी लॅपटॉपवर सतराही फाइली दिसल्या, प्रत्येकीची साइझ बरोबर. पहिले सहा चालले. सातव्यापासून प्लेअर उघडतो आणि काळा राहतो. कार्ड खरं ८ जीबीचं होतं. अशा कार्डाचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो, खरी जागा संपली की पुढचा डेटा हवेत जातो, कॅमेरा मात्र लाल दिवा लावून रेकॉर्ड करत राहतो. ५० एमबीपीएसला ८ जीबी म्हणजे वीसेक मिनिटं, आणि दहा मिनिटांच्या डेमोत ते कधीच कळत नाही. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. मॅकवर एफथ्री तेच करतं. कुठूनही आलेलं कार्ड, अगदी सीलबंद असलं तरी, या चाचणीशिवाय शूटवर नेऊ नका. दुसरा स्लॉटही तपासा. पहिल्यात जवळपास भरलेलं कार्ड, दुसऱ्यात रिकामं, रिले रेकॉर्डिंग चालू, आणि कार्ड बदलताना क्लिप तुटत नाही ना ते बघा.

खाडीच्या दमट हवेत पडून राहिलेल्या भिंगात बुरशीही असते. अंधाऱ्या खोलीत पुढून तिरका टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. ती पुसून जात नाही.

ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसले म्हणून मात्र कुणी सौदा मोडू नये. कॅमेरा ६०आयवर, म्हणजे सेकंदाला ६० च्या वेगावर, असला की असं होतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. मेनूत ५०आय निवडा, २५पी, शटर १/५०, पट्टे जातात.

हे सगळं करायला दीड-दोन तास, टीव्ही आणि प्लगपॉइंट लागतो. ते कॉफीच्या दुकानात होत नाही, म्हणूनच विकणारे तिथे बोलावतात. घरी किंवा ओळखीच्या स्टुडिओत ये म्हटल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याला टोकनसुद्धा देऊ नका. पैसे बँकेतून द्या. पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक, सोबतच्या वस्तू आणि विकणाऱ्याचं ओळखपत्रावरचं नाव लिहून सही घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

त्या चौघांकडे पावती नव्हती. पण 'याच कॅमेऱ्याची ४के क्लिप' असं लिहून पाठवलेला व्हॉट्सॲपचा मेसेज शिल्लक होता आणि कार्डावर एनएक्स१०० लिहिलेली एक्सएमएल फाइल होती. तक्रार अर्जाला ही दोनच कागदं जोडली गेली.