दुपारची मोटारसायकल, रात्रीचं गोदाम

नवी पेठेत भरदुपारी कुणीतरी तुमची मोटारसायकल ढकलत नेतोय. किंवा अक्कलकोट रोडवर मध्यरात्री चादरींच्या गोदामाचं कुलूप फोडून कुणी आत शिरलाय. चोर दोन्हीकडे, मालमत्तेच्या बचावासाठी किती बळ वापरता येईल याचा कायदा मात्र वेगळा. पहिल्याला अडवा, धरा, झटापट करा. तो नुसता चोर असेल तर जीव घेण्याची मुभा नाही (भारतीय न्याय संहिता, कलम ४२). दुसरी सूर्यास्तानंतरची घरफोडी. तिथे कलम ४१ प्रसंगी प्राणघातक बळही मान्य करतं. ‘प्रसंगी’ म्हणतोय हं! गरजेपेक्षा जास्त इजा कलम ३७ कुठेच चालवून घेत नाही. आणि पकडलेल्याला खांबाला बांधून चोपणं? तो बचाव नव्हेच, गुन्हा तुमच्यावरच.