जुन्या स्पीकरचा ड्रायव्हर गेला: दुरुस्त करावा की बदलावा?

ड्रायव्हर म्हणजे पेटीतला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग; बास वाजवणारा मोठा तो वूफर, बारीक स्वर वाजवणारा छोटा तो ट्वीटर. पैसे काढण्याआधी दोन्ही पेट्यांतले वूफर आपसांत बदलून पाहा. दोष वूफरबरोबर दुसऱ्या पेटीत गेला तर तो वूफरचाच. जागचा हलला नाही, तर क्रॉसओव्हरमधला (वूफर आणि ट्वीटरला आपापले स्वर वाटून देणारं सर्किट) एखादा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला असण्याची शक्यता मोठी. मग वायरी सोडून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण ५.५ ते ७ दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, तुटली.

कॉइल शाबूत आणि फक्त कोनभोवतीची (हलणाऱ्या शंकूभोवतीची) फोमची कड झडली असेल, तर रिफोमिंगच करा, म्हणजे नवी फोमची कड लावा, दुसरा विचार नको. फोम पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होतोच. त्यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. कोन, कॉइल, चुंबक सगळं मूळचंच राहतं, म्हणून आवाजही मूळचाच राहतो. कसोटी लागते ती कॉइल मधोमध बसवताना: ती घासली की खरखर आलीच. फोमच्या जागी ‘टिकाऊ’ म्हणून रबराची कड मात्र लावू नका. ती जड आणि ताठ असते, त्यामुळे कोनची मूळ कंपनसंख्या बदलते.

कॉइल जळली असेल तर रिकोनिंग. यात चुंबक आणि सांगाडा सोडून हलणारं सगळंच बदलतं. कंपनीचं मूळ किट मिळालं तर उत्तम. कुठलंही ‘चालणारं’ किट बसवलं तर जुन्या सांगाड्यात अनोळखी ड्रायव्हर येतो. त्यापेक्षा मी तेच मॉडेल जुन्या बाजारात शोधेन, पण नावावर भुलू नये. बीबीसीच्या एलएस३/५ए या स्पीकरमध्ये केईएफ कंपनीचा बी११० वूफर आहे. पण १५ ओहमच्या आणि नंतरच्या ११ ओहमच्या पेटीतले बी११० वेगळे, क्रॉसओव्हरही वेगळे.

राहिला नवा, वेगळ्याच मॉडेलचा ड्रायव्हर. भोकात चपखल बसतो, म्हणून लोक हाच आधी घेतात! पण पेटीचं आकारमान जुन्या वूफरच्या एफएस (मूळ कंपनसंख्या), क्यूटीएस (कंपन किती आवरलं जातं) आणि व्हीएएस (कोनच्या लवचीकतेइतकी हवा) या आकड्यांवर बेतलेलं असतं. ते जुळले नाहीत तर बास एक तर घुमतो, नाहीतर सुकतो. नवा वूफर ३ डेसिबलने मोठा वाजला की ट्वीटर दबतो, आणि इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विजेला विरोध) वेगळा असेल तर क्रॉसओव्हरचा बिंदूच, म्हणजे वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो तो स्वर, सरकतो. शिवाय अनेक जुने क्रॉसओव्हर त्या विशिष्ट कोनच्या आवाजातले उंचवटे सपाट करायला रचलेले असतात. नव्या कोनला ती दुरुस्ती नकोच असते. एवढं करूनही हाच मार्ग उरला, तर जोडी घ्या आणि क्रॉसओव्हर नव्याने आखायची तयारी ठेवा.

ट्वीटरचं तुलनेने सोपं. डोम (घुमटाकार) ट्वीटर मागून बंद असतो, त्यामुळे पेटीच्या आकारमानाचा प्रश्न येत नाही. संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो) आणि इम्पिडन्स जुळवा. त्याची एफएस क्रॉसओव्हरच्या बिंदूच्या बरीच खाली असू द्या. मात्र आवाज नुसता मंदावला असेल, तर आधी आतला फेरोफ्लुइड (कॉइलभोवतीचा चुंबकीय द्रव) घट्ट झालाय का ते पाहा. तो साफ करून नवा भरता येतो.